कुडाळमधला दाताचा दवाखाना: दाताला हात न लावता परत पाठवलं, म्हणून चार स्टार

पहिलंच सांगते, हा रिव्ह्यू "दात काढला, अज्जिबात दुखलं नाही, पैसे पण माफक" असला नाहीये. आमच्या काकांचा दात इथे काढलाच नाही. खुर्चीत सुद्धा बसवलं नाही. डॉक्टर स्वतः जिना उतरून रस्त्यावर गाडीपाशी आले, मोबाईलच्या टॉर्चने तोंडात बघितलं, हनुवटीखाली हात लावून बघितला आणि म्हणाले, इथे काही करायचं नाही, थेट हॉस्पिटल, आत्ताच्या आत्ता. काकी तिथेच चिडली, "दातांचो डॉक्टर आणि दाताक हात लावना नाय, मगे पाटी कित्याक लावल्यान?" पण मी स्टार देतेय ते नेमकं त्यासाठीच.

झालेलं असं की काकांची खालची उजवीकडची दाढ आधीपासूनच किडलेली. काकांची हापूसची बाग आहे, आणि एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे माणूस आजारी पडायला पण मोकळा नसतो, काढणी, पेट्या भरणं, वाशीच्या गाडीची वेळ, त्यामुळे "आंबे उतरांदेत, मगे बघूया" हे चालू. दुखलं की मेडिकलमधून गोळी. कुठलं मेडिकल ते लिहित नाही, पण चिठ्ठी न बघता सेफिक्झिम नावाची अँटिबायोटिक दिली, आणि ती शेड्युल एच-वन, म्हणजे सरकारच्या जास्त कडक नियमांच्या यादीतली गोळी आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायचीच नाही आणि प्रिस्क्रिप्शनवर दिली तरी पेशंटचं नाव रजिस्टरमधे लिहायचं असा नियम २०१४ पासून आहे. तिच्यासोबत एक पेनकिलर पण. मग एके दिवशी दाढ दुखायची एकदम थांबली. काका खूष, "दुखूचा थांबला, आता कित्याक जावचा?" आणि त्यानंतर जबड्याखाली सूज यायला लागली. काकीने आंबेहळदीचा लेप लावला, वरून तव्यावर फडकं गरम करून शेक.

मला फोन आला तेव्हा काका फोनवर बोलले ते मला अर्धं कळलंच नाही. तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज. मी म्हटलं जेवतोयस का, तर म्हणे नाही, सकाळपासून पाणी पण नीट जात नाही. म्हणून मी या दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी फोन लावला, कारण माझं स्वतःचं रूट कॅनल इथेच झालेलं.

आता इथे त्या काउंटरवरच्या मुलीचं कौतुक करायलाच पाहिजे. दुसरीकडे काय करतात, "उद्या साडेअकराला या" आणि फोन ठेवला. हिने विचारलं, ताई सूज कुठे आहे, गालावर की जबड्याखाली मानेकडे? एका बाजूला की दोन्ही बाजूला? तोंड किती उघडतंय, त्यांचीच बोटं उभी धरून आत किती जातात? थुंकी गिळवते का की बाहेर गळतेय? आडवं झोपल्यावर दम लागतो का? ताप आहे का? आवाज बदललाय का? शुगर आहे का? मी काकीला दुसऱ्या फोनवर घेऊन एकेक विचारत होते आणि काकी सांगत होती की थुकी गिळूक जमना नाय, टॉवेल घेऊन बसलाय, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसूनच होता, तोंडात एक बोट जेमतेम जातंय. शुगर तर आहेच, वर्षानुवर्षं. ती मुलगी म्हणाली, ताई अपॉइंटमेंट नको, इथे आणण्यापेक्षा सरळ हॉस्पिटलला न्या, १०८ ला फोन करा. पण तोपर्यंत चुलतभाऊ काकांना गाडीत घालून कुडाळच्या दिशेने निघाला पण होता, रस्ता दवाखान्यावरूनच जातो, मग ती म्हणाली जिना चढवू नका, खाली गाडीतच थांबा, मी डॉक्टरांना पाठवते.

डॉक्टर खुर्चीत दुसरा पेशंट तसाच ठेवून खाली आले (त्या पेशंटचे पण आभार, तो बिचारा तोंडात कापूस घेऊन खिडकीतून बघत होता). त्यांनी बघितलं काय, तर जीभ वर उचलली गेलीय का. जिभेखालचा भाग सुजून जीभ टाळूकडे ढकलली गेली होती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, दाबली तर बोट रुतत नाही, टणक. एवढं बघायला मिनिटभर पण लागलं नसेल. मग भावाला सांगितलं, यांना आडवं करायचं नाही, बसवूनच न्यायचं, खायला प्यायला काही द्यायचं नाही, पाणी पण नको, कारण तिथे गेल्यावर ऑपरेशन करावं लागू शकतं. शुगरच्या गोळ्या कुठल्या, आधी अँटिबायोटिक कुठली घेतली, कशाची अ‍ॅलर्जी आहे का हे एका कागदावर लिहिलं, खाली मोठ्या अक्षरात श्वासमार्गाला धोका असं लिहिलं, आणि तोपर्यंत त्या मुलीने १०८ बोलावली होती. १०८ ची गाडी फुकट असते, २४ तास असते, आत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, लोक ओळखीच्या कोणाची तरी ओम्नी शोधत बसतात. आपल्या गाडीत वाटेत श्वास अडकला तर ड्रायव्हर काय करणार आहे?

फोनवरून हॉस्पिटलला आधी कळवलेलं पण होतं. ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं, सलाईन लावून शिरेतून अँटिबायोटिक चालू केली, शुगर तीनशेच्या वर होती ती बघितली, आणि तिथून ऑक्सिजन लावून बांबोळीला. सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळी वेगळी सांगायला नको, काही मोठं झालं की बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत गोवा मेडिकल कॉलेज. तिथलं सगळं लिहित बसत नाही, तो वेगळा रिव्ह्यू होईल. थोडक्यात, जागेपणीच नाकातून श्वासाची नळी घातली, कारण तोंड उघडत नाही आणि आधी भूल देऊन झोपवलं तर घशातली वाटच बंद व्हायची भीती. ती नळी गेली नाही तर गळ्याला भोक पाडून श्वास द्यायचा, त्याची तयारी बाजूला मांडून ठेवली होती. मग हनुवटीखाली चिरे देऊन आतलं प्रेशर मोकळं केलं, पू काढला, रबरी ड्रेन ठेवले, आणि ती दाढ काढली. काही दिवस आयसीयू. काका आता बरे आहेत, हनुवटीखाली व्रण आहे, दाढीत झाकला जातो.

दाताचं इन्फेक्शन असं जिभेखाली आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरतं, त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने पहिल्यांदा नीट वर्णन केलं म्हणून ते नाव. अँटिबायोटिक यायच्या आधी यात निम्म्याहून जास्त पेशंट दगावायचे. आजही माणूस जातो तो बहुतेक वेळा श्वास अडकून, आणि तो कधी अडकेल त्याचा नेम नसतो, सकाळी बोलत असलेला माणूस संध्याकाळी निळा पडू शकतो.

नंतर काकांना उरलेले दात दाखवायला परत याच दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी काकांना जबड्याचं प्लास्टरचं मॉडेल हातात देऊन समजावलं. मला आवडलं ते हे की "आधी का नाही आलात" करून झापलं नाही. म्हणाले, काका, दाढेच्या आत जी नस असते ती किडीने मेली की दुखायचं थांबतं. बरं झालं म्हणून नाही, दुखणारं काही उरलंच नाही म्हणून. आणि नस मेली म्हणजे आतला रक्तपुरवठा पण गेला, मग तुम्ही पोटात घेतलेली गोळी रक्तातून तिथे पोचणार कशी? आजूबाजूची सूज थोडी दबते, आतली घाण तशीच राहते. ती काढायला दातातून वाट करायची, म्हणजे रूट कॅनल, नाहीतर दातच काढायचा, पू झाला असेल तर चीर देऊन निचरा करायचा. गोळी ही त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही. आणि खालच्या मागच्या दोन दाढा, म्हणजे दुसरी मोठी दाढ आणि अक्कलदाढ, यांची मुळं तोंडाच्या तळाशी जो स्नायूचा पडदा असतो त्याच्याही खाली उतरलेली असतात, म्हणून तिथला पू हिरडीवर फोड येऊन बाहेर न येता आतल्या आत जबड्याखाली मानेत उतरतो. काका मॉडेल फिरवून फिरवून बघत होते आणि मग म्हणाले, "म्हणजे झाड वरसून हिरवा आणि मुळात कीड." बागायतदार माणूस, त्याला लगेच कळलं.

शेकाबद्दल पण विचारलं कारण काकीला ते लागून राहिलेलं. डॉक्टर म्हणाले बाहेरून गरम शेक द्यायचा नाही, आतला पू बाहेरच्या बाजूला पसरायला मदत होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतात. लवंगेचं तेल दुखणं जरा कमी करतं पण सुजेचं काही करत नाही. आणि चुना, तंबाखू, मिशेरी दाबून ठेवणं, अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणं, याने हिरडी भाजते, मग दोन दुखणी. सुई तापवून सूज फोडणारे महाभाग पण येतात म्हणे. काकीने यावर माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे, काका पंख्याकडे. विषय तिथेच सोडला.

आता कोणी म्हणेल हे डॉक्टर घाबरट असतील, सूज दिसली की पाठवलं हॉस्पिटलला. तसं अज्जिबात नाही, म्हणून माझी स्वतःची केस लिहिते. माझ्या वरच्या दाढेजवळ हिरडीवर पुळी आलेली, गाल किंचित फुगलेला, ताप नाही, तोंड पूर्ण उघडत होतं, जेवत होते. मी घाबरून गेले होते, यांनी शांतपणे एक्स-रे काढला, दाताला वरून भोक पाडून पू जाऊ दिला, आतून धुतलं, आणि अँटिबायोटिक दिलीच नाही. मी मागितली तर म्हणाले कशाला, निचरा झालाय, ताप नाही, सूज पसरत नाहीये. दुसऱ्या दिवशी गाल जागेवर. आणि माझ्या मैत्रिणीचा मुलगा कानापुढे गाल सुजला म्हणून आणला होता, तर कानाची पाळी वर उचलली गेलीय आणि दात सगळे ठणठणीत हे बघून म्हणाले हे गालगुंड वाटतंय, लहान मुलांच्या डॉक्टरना दाखवा, आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

काउंटरच्या मागे एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी त्याचा फोटो काढून आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात आहे ते माझ्या शब्दात सांगते. नुसती हिरडीवर पुळी किंवा थोडा गाल सुजलाय, बाकी माणूस ठीक आहे, तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे, आठवडाभर थांबायचं नाही. पण श्वास घ्यायला त्रास, आडवं पडवत नाही, थुंकी गिळता येत नाही आणि तोंडातून गळतेय, जीभ वर उचललेली किंवा जिभेखाली सूज, आवाज जाड झालाय, सूज जबड्याखालून मानेत उतरलीय, यातलं एक जरी असलं तरी दाताचा दवाखाना शोधायचा नाही, रात्र असो की रविवार, थेट हॉस्पिटल. एरवी आपली तीन बोटं उभी तोंडात जातात, ती दोन किंवा त्याहून कमी जायला लागली तर आतल्या स्नायूंपर्यंत सूज गेलीय असं समजायचं. थंडी वाजून ताप, छातीत धडधड, माणूस गळून गेलाय, बरळतोय, ही पण हॉस्पिटलचीच केस. सूज तासातासाला वाढताना दिसत असेल तर तेच.

डोळ्याचं मला माहीतच नव्हतं. वरच्या दातांचं इन्फेक्शन, खास करून सुळ्याचं, डोळ्याकडे चढू शकतं. पापणी सुजून डोळा मिटला, डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय, हलवताना दुखतंय, दोन दिसायला लागले, बरोबर जोराची डोकेदुखी, तर तोही इमर्जन्सीचा मामला, कारण चेहऱ्याच्या शिरा आत मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात आणि तिथे गुठळी होऊ शकते.

आणि शुगरवाले, किमो चालू असलेले, किडनी बदललेले, स्टिरॉइडवर असलेले, यांनी छोट्या सुजेला पण छोटी समजायचं नाही. इन्फेक्शनने शुगर वाढते आणि वाढलेल्या शुगरने इन्फेक्शन फोफावतं, काकांचं तेच झालं. लहान मुलांमधे पण सगळं भराभर होतं, त्यात मूल पाणी प्यायचं बंद झालं तर वाट बघायची नाही. गरोदर बायका औषधाच्या भीतीने अंगावर काढतात, तर त्यांना चालणारी औषधं असतात, डॉक्टरला सांगायचं फक्त.

दाढ काढल्यानंतर येणाऱ्या सुजेला मात्र घाबरून पळत सुटू नका, ती पहिले दोन-तीन दिवस वाढतेच आणि मग उतरायला लागते. तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, घाण चव यायला लागली, तर परत दाखवायचं.

एक बाजूची गोष्ट. तिथे वाट बघताना बाकावर एक मालवणचे खलाशी काका बसलेले, ते म्हणाले आम्ही दाताचं सगळं जून-जुलैच्या मच्छीमारी बंदीत करून घेतो, कारण ट्रॉलरवर असताना गाल सुजला तर किनारा गाठेपर्यंत काय करणार. त्यांच्या एका जोडीदाराला बोटीवर सूज चढलेली आणि पेनकिलर खाऊन खाऊन ताप दबलेला, त्यामुळे बंदरात उतरला तेव्हा कोणालाच खरं वाटेना की हा एवढा आजारी आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, गोळीने ताप आणि दुखणं झाकलं जातं, सूज आत सरकायची थांबत नाही. हॉस्पिटलला गेल्यावर शेवटची गोळी कधी घेतली ते आवर्जून सांगा.

आता एक स्टार का कापला ते. जिना. चिंचोळा, उंच पायऱ्यांचा, पावसाळ्यात ओला, आणि लिफ्ट नाही. दाताला म्हातारी माणसंच जास्त येतात, त्यांनी कसं चढायचं? काकांच्या वेळी डॉक्टर खाली आले हे ठीक, पण रोज प्रत्येकासाठी कसे येणार. दुसरं, अपॉइंटमेंटची वेळ ही नुसती म्हणायला, दिलेल्या वेळेनंतर पाऊण तास धरूनच जा. काकांमुळे त्या दिवशी इतरांना पण थांबावं लागलं असणार, त्यामुळे मी यावर फार बोलू शकत नाही, पण एरवी पण तसंच असतं. तिसरं, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. ती मुलगी एवढे चांगले प्रश्न विचारते पण फोन उचलला तर विचारणार ना. निदान तेवढ्या वेळात "श्वासाचा त्रास असेल तर १०८" अशी रेकॉर्डिंग तरी लावून ठेवा, हे मी डॉक्टरना तोंडावर पण सांगितलंय, हसून हो म्हणाले, अजून लावलेली नाही.

रेट इथे बाकीच्यांइतकेच, रूट कॅनल आणि कॅप वेगवेगळी सांगतात, आधीच विचारून घ्या. पार्किंग नाही, बुधवारी बाजार असला की गाडी लांबच लावावी लागते. पेमेंट ऑनलाईन चालतं, पावती मागितली तर देतात. रविवार बंद.